कुणाचं रं तू?

हसीना शिकलगार यांचा मला हेवा वाटत असे, हे आरंभीच नोंदवून ठेवते. निरीक्षण करणाऱ्याने आपल्या उपकरणातील दोष आधी सांगावा, असा आमच्या प्रयोगशाळेतील शिरस्ता आहे.

त्या कोल्हापुरात, शाहूपुरीतील एका छापखान्यात डीटीपी करीत. शिक्षण बारावीपर्यंत, वय तेव्हा चाळिशीच्या पलीकडे. छापखान्यात सगळे त्यांना आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणत. मालकसुद्धा, जरी मालक त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठे होते. मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून संवेदकांवर पीएच.डी. करीत होते. माझे दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले होते आणि जेथे पहिले यावे असे मी ठरवले होते तेथे बहुधा पहिली आले होते. अशा दोन माणसांत हेव्याची दिशा कोणती असेल, याविषयीचा माझा अंदाज साफ चुकला.

आपांच्या कीबोर्डवरची अक्षरे केव्हाच पुसली गेली होती. काळी, गुळगुळीत, कोरी बटणे. दुसऱ्या कुणाला त्यावर स्वतःचे नावही उमटवता आले नसते. आपा मात्र डावीकडे उभ्या केलेल्या कागदावर नजर ठेवून, ओठ हलवीत, लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे अहवाल, शेतीशास्त्रातले प्रबंध असे सगळे एकाच वेगाने जुळवीत; आणि जे बोटांखालून गेले ते त्यांच्या लक्षात राही. एकदा मी समोर बसून प्रुफे तपासत असताना त्यांनी सहज विचारले, "मॅडम, जमीन खारट झाली की उसाची मुळं नेमकी कशी मरत्यात ओ? शिरोळच्या एका पोराचा प्रबंध मी केलता. ह्ये शेवटच्या प्रकरणात सांगतो म्हणला आणि सांगितलंच न्हाय बघा."

त्या पोराला पदवी मिळून सहा वर्षे झाली होती. परीक्षकांच्या लक्षात न आलेली उणीव ही बाई अजून मनात बाळगून होती.

कोल्हापुरातल्या बायका स्वतःविषयी "मी जातो, मी करतो" असे बोलतात. घरी मीही तसेच बोलत असे. विद्यापीठात गेल्यावर ते प्रयत्नपूर्वक सोडले. आपांनी काहीच सोडलेले नव्हते. एखादा मजकूर आवडला नाही तर त्या त्याला अशुद्ध म्हणत नसत, चुकीचाही म्हणत नसत. हात थांबवून, खुर्ची अर्धी वळवून एवढेच म्हणत, "तोंडात बसंना."

मी त्या छापखान्यात आले ती एका यंत्रमानवामुळे. मालकांनी एका परदेशी चित्रकथामालेचे मराठी हक्क मिळवले होते. तिचा नायक पोलादी माणूस होता. त्याच्याआधी बनवलेले बारा नमुने बिघडून मोडीत निघाले होते. हा तेरावा तेवढा टिकला. बुडणारी जहाजे आणि कोसळणारे पूल तो अंकाच्या पहिल्या निम्म्यात सावरत असे. उरलेल्या निम्म्यात माणूस होण्याचा प्रयत्न करीत असे. "हिरो यंत्र हाय," मालक मला म्हणाले, "म्हणून यंत्र कळणारं माणूस पायजे. होणाऱ्या डॉक्टरीणबाई, घ्या हातात."

मला तो नायक पहिल्यापासून जवळचा वाटला. त्याचा शोध पद्धतशीर होता. माणसे काही कारण नसताना काय काय करतात याची तो यादी ठेवी. जांभई शिकण्यासाठी बसथांब्यावर दिवसभर बसून राही. तिसऱ्या अंकात तो डोळ्यांत तेलाचे थेंब सोडून रडण्याचा सराव करतो आणि थेंब गालावरून किती वेगाने ओघळला पाहिजे याचे गणित मांडतो. ते गणित बरोबर होते; मी तपासले. अनुवादही मी तसाच काटेकोर केला.

पहिला खटका पहिल्याच अंकात उडाला. वादळ शमल्यावर नायक पुलावर एकटा बसतो, तेथे मी लिहिले होते, "माझ्या अस्तित्वाचे प्रयोजन काय आहे?"

"फुग्यात मावंना," आपा म्हणाल्या. पात्रांचे संवाद ज्या गोल चौकटीत असतात तिला छापखान्यात फुगा म्हणत.

"अक्षर बारीक करा."

"करतो की. पण तोंडातबी बसंना."

"आपा, तो यंत्रमानव आहे. तो असाच बोलणार."

"यंत्र हाय म्हणून काय झालं? पावसात भिजलंय, वाचवलेली समदी माणसं आपापल्या घरला गेल्यात, ह्ये एकलंच पुलावर बसलंय. तवा असं बोलतंय व्हय कोन?" आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी फुग्यात टाकले, 'मी कशाला आहे?' "तुमच्यासाठनं 'आहे' ठेवलंय. न्हायतर 'हाय'च टाकणार होतो."

वाक्य चौकटीत नेमके मावले. चारही बाजूंना सारखी मोकळी जागा राहिली. ते पाहून मला जे वाटले त्याला मी तेव्हा व्यावसायिक मतभेद असे नाव दिले.

दुसऱ्यांदा तर चूक उघडपणे माझी होती. नायकाचे मूळ नाव क्रमवाचक असल्यामुळे मी मराठीत त्याला 'तेरावा' म्हटले. हस्तलिखित जुळवताना आपांनी विचारले होते, "मॅडम, ह्ये तेरावा... नक्की न्हवं?"

"क्रमवाचक विशेषण आहे," मी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ दे."

मालकांनी हौसेने फलक छापून घेतले. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे, 'तेरावा येत्या रविवारी!' दुसऱ्या दिवशी सकाळी पन्हाळ्याहून त्यांच्या मावसभावाचा फोन आला. "दादा, कोन गेलं? आमास्नी कळवायचं तरी! रविवारी जेवण हाय व्हय?" दुपारपर्यंत आणखी तिघांनी सांत्वन केले. एकाने गाडी काढून निघतो म्हणून सांगितले.

मालक माझ्याकडे बघत राहिले. चिडावे की हसावे हे त्यांचे ठरत नव्हते. "डॉक्टरीणबाई, जित्या हिरोचा तुम्ही तेरावा घातलासा की ओ!"

"नुसतं 'तेरा' करा," कागदावरची नजर न हलवता आपा म्हणाल्या. मग ओठ हलले, हात थांबले आणि त्या स्वतःशीच हसल्या. "आमच्या घरात बोलतोय त्यात 'तेरा' म्हंजे तुझा. बरं हाय की नाव. आकडा बी झाला आन् कुणाचं तरी बी झालं."

मी मराठी, हिंदी आणि इंग्रजी उत्तम जाणते. तो अर्थ माझ्याही डोळ्यांसमोर होता. मला तो दिसला नव्हता आणि त्यांना दिसला, या फरकाचे कारण त्या आठवड्यात मी बराच काळ शोधत होते. बुद्धिमत्ता म्हणावे तर त्यांची कुणी परीक्षा घेतली नव्हती. वाचन म्हणावे तर ते माझे अधिक होते. पुढे काही महिन्यांनी माझ्या लक्षात आले की आपा त्या नायकाला शेजारच्या घरातला समजत होत्या. "बारा अंक झालं," त्या मालकांच्या पत्नीला एकदा सांगत होत्या, "एवढ्यास्नी वाचिवलं त्यानं, पण एकानं तरी इचारलंय व्हय त्याला, जेवलास का म्हणून? खात नसंना का. इचारायला काय जातंय?"

त्यांचे हे बोलणे कानावर पडू नये म्हणून मी प्रुफांचा गठ्ठा घेऊन पलीकडच्या खोलीत बसू लागले. आणि दार उघडे ठेवू लागले.

लिंगाचा प्रश्न मीच काढला होता. यंत्राला 'तो' म्हणणे मला अशास्त्रीय वाटे. नपुंसकलिंग वापरावे, 'ते आले, ते थांबले' असे लिहावे, म्हणजे तो माणूस नाही हे वाचकाला सतत जाणवेल, असा माझा युक्तिवाद होता. मालक कुरकुरले. आपा मात्र ताबडतोब माझ्या बाजूने उभ्या राहिल्या.

"मॅडमचं बरोबर हाय. 'ते'च पायजे."

मला विजयाचा आनंद झाला. तो फार टिकला नाही.

"लेकरू ते. वासरू ते. कुत्र्याचं पिल्लू ते," आपा म्हणाल्या. "आन् आमची आई तर म्हाताऱ्या माणसालाबी, 'बसलंय बघ कसं गप' म्हणती. ज्याच्यावर जीव हाय ते 'ते'च असतंय की."

अंक बाहेर पडला तेव्हा लोकांना त्या नायकाविषयी अधिक माया वाटली. दुरावा निर्माण करण्यासाठी मी निवडलेले लिंग आपांनी असे एका वाक्यात दत्तक घेतले.

मग महापुराचा अंक आला. शहर बुडाले आहे. नायक छपरांवरची माणसे उचलून नेतो आहे. एका छपरावर एक वृद्धा एकटी बसलेली आहे. तो तिच्यासमोर हात पसरतो. ती त्या पोलादी बोटांकडे पाहते आणि एकच प्रश्न विचारते. तो उत्तर देतो, "माहीत नाही." एवढाच संवाद. प्रश्नाचा सरळ अर्थ 'तू काय आहेस?' असा होता आणि मी तसाच लिहिला होता.

आपांचे हात थांबले, खुर्ची वळली.

"आमच्या म्हायेरात पाणी शिरलं तवा मी तितंच होतो," त्या म्हणाल्या. त्यांचे माहेर शिरोळच्या बाजूचे, कृष्णेकाठचे. "नावेतनं काढलं आमास्नी आन् शाळंत ठेवलं. मास्तर वही घिऊन बसलेलं. कुणाच्यातली, घरात किती, असं लिवून घेत हुतं. एक म्हातारं हुतं. भिजलेलं. नाव सांगंना, गाव सांगंना. डोस्क्यानं जरा गेलेलं. मास्तर म्हणलं, घर सांगितल्याबिगार यादीत बसंना, आन् यादीत न्हाय तर जेवणाचं ताट कुणाच्या नावावर देऊ? 'कुणाचं ओ आजोबा तुम्ही?' म्हणून चारदा इचारलं. म्हातारं म्हणतंय, म्हाईत न्हाय."

"मग?"

"आई म्हणली, आमचं हाय, लिवा."

"ओळखीचे होते?"

"कुठलं ओळखीचं! मास्तरबी तेच म्हणलं, कोन लागतंय तुमचं? आई म्हणली, 'मी आमचं म्हणतोय न्हवं? मग लिवा की.' शिकलगारणीच्या आईच्या यादीत रामाचं गंध लावलेलं म्हातारं!" आपा मोठ्याने हसल्या. "नऊ दिवस जेवलं आमच्यात. पाणी उतरल्यावर पुतण्या आला न्यायला, तर जायला तयार न्हाय."

मग स्क्रीनवरच्या त्या वृद्धेकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "ही 'काय आहेस' कशाला इचारंल ओ? दिसतंय की तिला लोखंड हाय त्ये. ती इचारणार, 'कुणाचं रं तू?'"

मला त्याच क्षणी कळले की ही ओळ बरोबर आहे. एवढेच नव्हे, 'माहीत नाही' हे उत्तर मूळ प्रश्नापेक्षा या प्रश्नाला अधिक शोभते, हेही कळले. तेरा अंकभर तो यंत्रमानव जे शोधत होता त्याचे नाव त्या ओळीत होते. त्याने याद्या केल्या, जांभया मोजल्या, अश्रूंचा वेग काढला. पण माणूस असणे म्हणजे कुणाचे तरी असणे, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. मलाही नाही.

"मूळ अर्थापासून फार दूर जाते," मी म्हणाले. "माझेच ठेवा."

आपांनी 'तू काय आहेस?' टाकले. अक्षर नीट मध्यावर घेतले. अंक तसाच छापला गेला.

त्याच कथेवर चित्रपट निघाला आणि त्याच्या मराठी आवृत्तीचे संवाद लिहिण्यासाठी पुण्याच्या एका ध्वनिमुद्रण कंपनीला माणूस हवा होता. मालकांनी माझे नाव सुचवले. कंपनीने नमुना म्हणून एकच प्रसंग करून मागवला, तो नेमका छपरावरच्या वृद्धेचा. हे काम मला फार हवे होते. माझे शोधनिबंध ज्यांनी वाचले आहेत त्या सर्वांना मी नावाने ओळखते. पडद्यावरचे नाव परके लोक वाचतात.

मी नमुना पाठवला. वृद्धेच्या तोंडी लिहिले, 'कुणाचं रं तू?'

तीन दिवसांनी तिथल्या संवाददिग्दर्शिका बाईंचा फोन आला. बाकीच्या ओळींविषयी त्या फारसे बोलल्या नाहीत. "हा प्रश्न," त्या म्हणाल्या, "हा कुठून आला तुम्हाला? कुणी सुचवला?"

येथे आपांचे नाव घेण्यास दोन सेकंद लागले असते.

"आमच्याकडे असंच बोलतात," मी म्हणाले.

या वाक्यात असत्य एकही नव्हते, म्हणून ते इतके उपयोगी पडले. एका बाईला श्रेय द्यावे लागू नये म्हणून मी ते सबंध जिल्ह्याला वाटून टाकले. काम मला मिळाले. पुढचे सगळे संवाद मी खोलीचे दार लावून, मोठ्याने बोलून बघत लिहिले. त्यातले काही तोंडात बसले, हे मुद्दाम नमूद करते.

चित्रपट कोल्हापुरात लागला तेव्हा मालकांनी रविवारच्या दुपारच्या खेळाची एक सबंध रांग छापखान्यासाठी घेतली. आपा माझ्या शेजारी बसल्या. मी मधे दुसरे कुणी बसावे म्हणून खटपट केली होती, जमली नाही. पुराचा प्रसंग जवळ येऊ लागला तसे माझे लक्ष पडद्यावर राहिले नाही. छप्पर आले. वृद्धा आली. पोलादी हात पुढे झाला.

"कुणाचं रं तू?"

यंत्रमानव म्हणाला, "माहीत नाही."

बाल्कनीतून एक दणदणीत आवाज आला, "आमचं हाय, आज्जे! घिऊन ये घरला!"

सगळे थिएटर हसले. शिट्ट्या पडल्या. पलीकडून आणखी कुणीतरी ओरडले, "आमच्यात जागा हाय!" पुढचे दोन संवाद कुणालाच ऐकू आले नाहीत. आपांनी माझा दंड घट्ट धरला. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता, आणि मला ज्याचे भय होते ते त्यात कुठेच नव्हते.

"ठेवलासा की ओ मॅडम!" त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "अंकात ठेवला न्हवता. हितं ठेवलासा!"

चित्रपट संपला. दिवे लागले, माणसे उठून बाहेर पडू लागली. नामावली सरकत होती आणि अख्ख्या थिएटरात ती वाचत बसलेले एकच माणूस होते, कारण समोर अक्षर आले की ते वाचल्याशिवाय आपांना राहवत नसे. ओठ हलत होते. मी उभी होते. मराठी संवादांच्या खाली माझे नाव आले आणि त्यांचे ओठ थांबले.

"ह्ये काय केल्यात ओ!" त्या ताडकन उठल्या. "तुमचा 'पू' ऱ्हस्व! 'पुर्वा'! एवढ्या मोठ्या अक्षरात!"

माझे नाव पूर्वा आहे. मला ते दिसलेच नव्हते. मला एवढेच दिसले होते की त्या ठिकाणी एकच नाव आहे.

"आपा," मी म्हणाले, "ती ओळ तुमची आहे. कुणी सुचवली म्हणून त्यांनी मला विचारलं होतं. मी तुमचं नाव सांगितलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मग काय सांगितलासा?"

"आमच्याकडे असंच बोलतात, म्हणाले."

"बोलत्यात की." त्या खाली वाकून पिशवी उचलू लागल्या. ती उचलायला त्यांना वाजवीपेक्षा अधिक वेळ लागला. सरळ झाल्यावर दाराकडे बघत त्या म्हणाल्या, "नाव असतं तर आईला आणून दावलो असतो. तिला वाचाय येत न्हाय, पण मी बोट लावून दावलो असतो." आणि लगेच, तितक्याच मनापासून, "पण तुमचं घातल्यात तर सरळ तरी घालायचं न्हाय व्हय? फोन लावा त्यास्नी. आत्ता लावा!"

माफी मागण्यासाठी मी काही वाक्ये तयार केली होती. ती सुबक होती. त्यांऐवजी मी फोन काढून कंपनीचा नंबर शोधू लागले.

त्याच महिन्यात आपांच्या यजमानांनी गारगोटीत दुकान घेतले आणि आपा तिकडे गेल्या. मी वर्षभरात बंगळुरूच्या प्रयोगशाळेत आले. आमची पुन्हा भेट झालेली नाही. कंपनीला मी फोन केला, दोनदा. दुसऱ्या वेळी संवाददिग्दर्शिका बाईंना सगळे खरे सांगितले. नामावली आता बदलता येत नाही, असे त्या नम्रपणे म्हणाल्या. ना एक नाव वाढवता येत, ना एक उकार.

मला दिसलेल्या शेवटच्या आपा थिएटरबाहेरच्या रस्त्यावर आहेत. यजमान स्कूटर घेऊन आले होते. त्या मागे बसल्या, ओढणी गोळा करून मांडीखाली दाबली, आणि स्कूटर रविवारच्या गर्दीत शिरली. मी पायरीवर उभी होते. चौकात पोहोचण्याआधी त्यांना काहीतरी आठवले असावे. त्या मागे वळल्या, गाड्यांच्या आवाजावरून ओरडून म्हणाल्या, "दीर्घ! दीर्घ करून घ्या म्हणावं!" मला ऐकू गेले नसेल अशी त्यांना शंका आली म्हणून त्यांनी हात उंच केला आणि बोटाने हवेत, रिक्षावाला, फुलवाली, सिग्नलला थांबलेली सगळी माणसे बघत असताना, माझ्या नावाचा दुसरा उकार सावकाश, मोठा आणि निर्दोष काढून दाखवला.